तीर्थ घातलेली टाकी

श्रावण लागला की चिंतामणीच्या शाळेत सगळेच हळू बोलायला लागत. शाळा म्हणजे गणपतीची शाळा. भाट्याच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर घर, आणि घराच्या उजव्या अंगाला चिऱ्याच्या तीन भिंतींची लांबट पडवी. एरवी वर्षभर तिथे बागायतदारांच्या पंपांच्या जळक्या मोटरी यायच्या आणि चिंतामणी त्यांत नवी तार भरून द्यायचा. ज्येष्ठ आला की मोटरी, तारा, वंगणाचे डबे मागच्या खोपीत जात, जमीन सारवली जाई आणि शाडूची पोती आत येत. मग वाडीतली घरं आपापला पाट आणून देत. ज्याच्या पाटावर त्याचा गणपती, खाली खडूने घराचं नाव. एखादी मूर्ती बिघडली तर बाजारातली दुसरी उचलून त्या पाटावर ठेवली, असं इथे चालत नसे.

गेल्या दसऱ्यानंतर चिंतामणी हातखंब्याच्या वळणावर स्कूटरवरून पडला. हाड सांधलं, पण उजवा खांदा छातीच्या वर उठेना. डोळ्यांची आखणी बसून, कोपर मांडीवर टेकवून करता येते. तेवढं त्याला जमत होतं. पण मूर्तीचं अंग, मुकुट, प्रभावळ, सोवळ्याच्या चुण्या हे सगळं ब्रशने रंगवायचं म्हणजे दिवसचे दिवस हात वर धरायचा. शाळा त्याच्या वडिलांनी सुरू केलेली. ती बंद करण्याची गोष्ट घरात कोणी काढली नाही. पण संक्रांतीपासून तो जेवताना गप्प असायचा, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ सुमेधाला, त्याच्या बायकोला, न विचारता कळत होता.

त्यातून गनची कल्पना निघाली. रंगाची गन हलकी, लांबून मारता येते, हात वर न्यावा लागत नाही. पण गनला हवा लागते आणि हवेला कॉम्प्रेसर.

"आणू या की विकत," सुमेधा म्हणाली होती.

"विकत काय, कोणीही आणील," चिंतामणी म्हणाला. "अगो, अर्धा कॉम्प्रेसर माझ्या खोपीतच पडलाय. उरलेला अर्धा रत्नागिरीत कुठे ना कुठे पडलेला असेलच."

आणि त्याने तो खरोखरच जमवला. हवा दाबणारं हेड मिळालं हायवे रुंद होताना उठलेल्या एका पंक्चरवाल्याकडून. मोटर भाताच्या घरगिरणीची, ती त्याने स्वतः भरली. पुली भलत्याच मापाची, त्यामुळे पट्टा सारखा फडफडायचा. दाब दाखवणारा काटा कुठल्याशा बोटीवरचा, त्याच्या काचेत आतून कायमचं धुकं. महिनाभर तो खोपीतून बाहेर येईना. पण जेवताना बोलायला लागला. "आज हेड फिरलं," असं सांगताना त्याच्या तोंडावर असं काही दिसायचं, की सुमेधा आणखी एक पोळी वाढायची.

राहिली टाकी. ती गंगारामने दिली. गंगाराम चिंतामणीचा लहानपणापासूनचा मित्र, नाचणे गावात त्याचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. टेम्पोतून टाकी उतरवून घेत तो म्हणाला, "मिरकरवाड्यावरनं मासळी न्यायचा तो ट्रक. ब्रेकची हवा ह्याच टाकीत. ट्रक गेला मोडीत, पण ही बगा, अजून ठणठणीत हाय. फक्त लावायच्या आधी पाण्यानं टेस्ट घ्या, भाऊ. इसरू नका."

सुमेधा दारात उभी होती. टाकीला अजून वास येत होता.

सुमेधाचं बोलणं मुळातच कमी. पहाटे अंघोळ, ओलेत्याने तुळशीला पाणी, मग एकवीस दूर्वा घेऊन झरीविनायकाला जाऊन यायचं आणि तोवर पाणीसुद्धा तोंडात घालायचं नाही, हा तिचा बारमहाचा नेम. चातुर्मासात त्यावर एकभुक्त. नेमाचं तिने कधी कोणाला सांगितलं नाही, की कोणावर त्याचा भार टाकला नाही. त्यामुळे ती कधी काही बोलली तर घर ऐकत असे.

"ही शाळेत येणार?" तिने विचारलं.

"मग कुठे? माझ्या डोक्यावर?"

"मासळीचं पाणी वर्षानुवर्षं निथळलंय हिच्यावर. माती आली की आपण शाळेत मासळीचं नावसुद्धा काढत नाही."

"अगो, टाकीत हवा असते, बांगडे नव्हे!"

"ठाऊक आहे मला," सुमेधा म्हणाली. "तरी."

गंगाराम हसला आणि चिंतामणीही. पण त्या 'तरी'पुढे आपलं काही चालणार नाही हे चिंतामणीला पक्कं माहीत होतं. त्याने डोकं खाजवलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. "समुद्राने चालेल ना तुला? सगळ्या नद्या शेवटी त्याच्यातच. आणि हा म्हणतोय पाण्याने टेस्ट घे. घ्या तर मग! तुझं सोवळं आणि माझी टेस्ट, एकाच पाण्यात."

सुमेधाला ते मनापासून पटलं. समुद्राच्या पाण्याहून मोठं तीर्थ कुठलं?

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोघांनी टाकी किनाऱ्यावर नेली. कळशीने पाणी भरून भरून ती काठोकाठ भरली, आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही. मग आंब्यावर औषध मारायचा पायपंप जोडून चिंतामणी आणखी पाणी आत रेटू लागला. टेस्टची रीत तीच. रोज जेवढ्या दाबावर चालवायची, त्याच्या दीडपट दाब पाण्याने द्यायचा. टाकी कच्ची असली तर पाणी गळतं, बस. कोणाला इजा होत नाही. रोजचा दाब शंभर पौंड ठरला होता. काटा दीडशेवर गेला, थरथरला आणि तिथेच उभा राहिला.

"बघ!" चिंतामणी ओरडला. वाऱ्यात त्याचा आवाज फाटला. सुमेधाने टाकीला हळदकुंकू लावलं, आणि त्या वेळी तिच्या मनात खरोखर काही शंका नव्हती.

पाटपूजनाला, म्हणजे कामाच्या मुहूर्ताला, अजून बरेच दिवस होते. तोवर टाकी खोपीच्या कोपऱ्यात तशीच राहिली, पोटात ते पाणी घेऊन. ओतून द्यावं हे कोणाच्याच मनात आलं नाही. सुमेधाला वाटलं, तीर्थ ते, ओतायचं तरी कुठे. आणि चिंतामणी म्हणाला, "भरलेली असू दे, कुठे पाझरते का तेही कळेल." पाटपूजनाच्या सकाळी ती रिकामी झाली, विहिरीच्या दोन बादल्यांनी विसळली आणि शाळेत बसली.

कॉम्प्रेसर चालला! वाडीतली माणसं तो बघायला आली. यमुनाबाई तर रोजच यायच्या. त्यांचं घर पलीकडच्या आळीत, त्यांचा गणपती शाळेतला सगळ्यांत उंच, आणि जीभ तर वाडीत सगळ्यांत लांब.

"टिटवीसारखं काय रे ओरडतं तुझं यंत्र!" कानांवर हात ठेवून त्या म्हणायच्या. "गणपतीचे कान मोठे, बिचारा काय करील! पण रंग मात्र झकास बसतो हो. आमच्याला गुलाबी छाया मार हां, गालांवर. त्या रत्नागिरीतल्या मूर्तींसारखी."

"रत्नागिरीतल्याहून चांगली मारतो, यमुनाकाकी," चिंतामणी म्हणायचा. खांदा पडल्यापासून त्याने अशी प्रौढी मारलेली सुमेधाने ऐकली नव्हती. तिला ती गोड लागायची.

टाकीचं एक काम तिच्याकडे होतं. पावसाळी हवा ओली. ती दाबली की टाकीत पाणी सुटतं आणि तेच गनमधून रंगात थुंकलं जातं. म्हणून सकाळी यंत्र सुरू करायच्या आधी टाकीच्या पोटाखालची चावी उघडून साचलेलं पाणी काढायचं. देवळातून आल्यावर सुमेधा श्रीखंडाचा रिकामा डबा खाली धरून ती चावी फिरवायची. फुस्स करून पाणी यायचं. पहिले काही दिवस ते गढूळ होतं. मग तांबूस झालं.

"गंज असतोच थोडा," चिंतामणी म्हणाला. "लोखंड आहे, सोनं नव्हे."

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी पाण्याबरोबर खपल्या आल्या. चहाच्या चोथ्यासारख्या, पण बोटांत धरल्यावर कडक. सुमेधाने पाणी ओतून दिलं आणि एक खपली तळहातावर घेऊन बघत राहिली. एका बाजूने ती काळी होती, दुसऱ्या बाजूने विटकरी. पत्र्याचा एक थर सोलून निघावा, तशी.

त्या दिवशी संध्याकाळी उपास सोडायला कोकमाचं सार करायचं म्हणून तिने आगळाची, कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बरणी काढली. बरणीचं काचेचं झाकण गेल्या वर्षी फुटलं होतं, तेव्हा तिने दुसऱ्या कुठल्याशा डब्याचं पत्र्याचं झाकण वर ठेवलं होतं. आगळात मीठ. आगळ झाकणाला शिवत नव्हतं, नुसती त्याची वाफ लागत होती, तरी दोन महिन्यांत त्या झाकणाची चाळण झाली होती. वरून रंग तसाच, आणि बोट लावलं तर बोट आरपार.

पळी तिच्या हातात तशीच राहिली. टाकीत तर नुसती वाफ नव्हती. तिच्या पोटात समुद्रच भरून ठेवला होता, तोही तिच्या 'तरी'पायी.

त्या रात्री जेवताना तिने विषय काढला. चिंतामणीने शांतपणे ऐकलं, सार भुरकलं.

"टेस्ट केलेली टाकी आहे ती. तुझ्यासमोर केलीय."

"टेस्टच्या आधी नव्हे, टेस्टनेच खाल्ली तिला. ते पाणी आत राहिलं. दोन बादल्यांनी मीठ जातं का? सांध्यांत बसलेलं असणार."

"इतका जाड पत्रा आहे."

"किती जाड? आतून बघितलाय?"

"आतून कसा बघणार? मी काय मुंगी आहे?" तो हसला, पण हसू लवकर विझलं. "मासळीची टाकी नको म्हणालीस. धुतली. आता म्हणतेस, धुतली म्हणून वाईट झाली. तुझ्या देवाला नक्की हवंय तरी काय, ते एकदा विचारून ये."

 ते वाक्य सुमेधाला लागलं, कारण झरीविनायकासमोर उभं राहून सकाळी ती हेच विचारणार होती.

दुसऱ्या दिवशी तिने गंगारामला फोन केला. चिंतामणीच्या मागे असं काही ती पहिल्यांदाच करत होती.

"समुद्राचं पाणी?" गंगारामने विचारलं. "नाय वयनी, मला नाय बोलला तो. मी गोडं पाणी म्हणालो होतो... म्हणजे, गोडंच भरा असं बोललो नाय, पण खारं कोण भरील? किती दिवस होतं आत?"

तिने सांगितलं.

"आता परत पाण्यानं टेस्ट घ्या. त्याशिवाय कळणार नाय. आणि तोवर हवा भरू नका. पाणी नुसतं सांडतं वयनी, पण दाबलेली हवा फुटली ना, तर पत्रा घेऊन जाते. आमच्याकडं एकदा..." तो थांबला. "ऱ्हाऊंदे. मी येतो रविवारी, समजावतो त्याला."

रविवार पाच दिवसांवर होता. त्या पाच दिवसांत यंत्र रोज चालणार होतं.

तिने चिंतामणीला पुन्हा सांगितलं, गंगारामचं नाव घेऊन. तो भडकला. गावभर डंका पिटलास का, म्हणाला. टेस्ट घ्यायची म्हणजे सगळं सोडवा, पंप आणा, पुन्हा जोडा, टाकी आतून वाळवा, दोन दिवस गेले. अर्ध्या मूर्ती अजून पांढऱ्या आहेत. आणि मग खालच्या आवाजात, मूर्तीकडे तोंड करून म्हणाला, "आणि टाकी गेली तर? मग काय करू मी? हा हात घेऊन?"

त्याला कशाची भीती आहे हे तेव्हा तिला कळलं. टाकी चांगली आहे असं तो मानत नव्हता. टाकी वाईट आहे हे त्याला ऐकायचं नव्हतं.

तिने काय केलं नाही तेही सांगायला हवं. टेस्ट घेईपर्यंत अन्न घेणार नाही, असं ती म्हणू शकली असती. तिच्या आईने वडिलांची तंबाखू तशीच सोडवली होती. पण उपास देवासाठी करायचा, नवऱ्याची मान पिरगळायला नाही, असं सुमेधा मानत आली होती, आणि इतका जीव टांगणीला लागला असतानाही ते तिच्याने मोडवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दूर्वा वाहिल्या. काही मागितलं नाही. मागायला शब्दच सापडले नाहीत. समुद्राचं तीर्थ कसं काय बाधलं, हे विचारायचं होतं, तेही ओठांवर आलं नाही.

घरी आली, चावी उघडून पाणी काढलं. त्यात खपल्या होत्या. तिने डबा चिंतामणीसमोर धरला. त्याने मान वळवली आणि बटण दाबलं.

हेड खडखडायला लागलं, पट्टा फडफडला, काटा हळूहळू चढू लागला. चिंतामणी गन घेऊन यमुनाबाईंच्या गणपतीपुढे, शाळेच्या दुसऱ्या टोकाला बसला.

सुमेधाने देवघरातला आपला पाट आणला, टाकीच्या अगदी शेजारी मांडला, हातात जपमाळ घेतली आणि टाकीला पाठ लावून बसली.

चिंतामणीला ते एकदम दिसलं नाही. दिसलं तेव्हा त्याने गन खाली केली.

"तिथे काय बसलीस?"

"जप करतेय."

"देवघर काय झालं?"

"आज इथेच बरं वाटतंय."

"ऊठ तिथून. आवाज आहे, वंगण उडतं."

"उडू दे."

"सुमेधा, ऊठ म्हणतो ना!"

"टाकी चांगली आहे म्हणता ना तुम्ही?" तिचा आवाज चढला नाही. यंत्राच्या खडखडाटात तो त्याला ऐकूही आला नसावा, नुसते ओठ दिसले असावेत. "मग बसू दे की मला. तुम्ही शाळेत, तर मीही शाळेत. रोज बसेन."

पाठीमागे टाकी कोमट होत चालली होती. तिची थरथर सुमेधाच्या पाठीच्या मणक्यांत उतरत होती. ती शूर बाई नव्हती. वीज कडाडली तरी ती कान झाकून घ्यायची. मणी बोटांतून पुढे सरकत होते आणि नाम डोक्यात राहत नव्हतं. पंधरा मणी झाले, की नुसतंच 'आता, आता' असं म्हणत होती ती? तिला ठाऊक नव्हतं. काटा तिच्या डोक्याच्या वर होता, तो तिला दिसत नव्हता. तो फक्त चिंतामणीला दिसत होता.

तो चिडून परत वळला. गन उचलली. गणपतीच्या गालावर गुलाबी छाया मारायची होती, हलक्या हाताने, श्वास धरून. त्याने एक फवारा मारला आणि मागे बघितलं. दुसरा मारला आणि मागे बघितलं. तिसऱ्याला गन एका जागी जास्त रेंगाळली, रंग साचला आणि गालावरून एक ओघळ खाली सोंडेपर्यंत गेला.

"अरे!" तो स्वतःशीच म्हणाला. फडक्याने टिपायला गेला, तर ते आणखी पसरलं. पुन्हा मागे बघितलं. काटा शंभरावर होता. सुमेधाचे डोळे मिटलेले होते. ती गोरीमोरी झाली होती आणि तिच्या हातातली माळ थांबलेली होती.

मग चिंतामणी उठला. चालत नाही, जवळजवळ धावत आला. बटण बंद केलं, टाकीची चावी उघडली, आणि हवा सूं सूं करत बाहेर जात असताना त्याने डाव्या हाताने तिचा दंड धरून तिला ओढून उभं केलं. दोघंही शाळेच्या बाहेर, पागोळ्यांखाली येऊन उभे राहिले. दोघांनाही धाप लागली होती. 

"मूर्ख आहेस," तो म्हणाला.

"हो."

"फुटली असती तर?"

तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते. तो खाली बसला, पायरीवर, ओल्या चिऱ्यावर. बराच वेळ डावा हात उजव्या खांद्यावर चोळत राहिला.

"पायपंप कुठे आहे?" शेवटी त्याने विचारलं.

टाकी त्यांनी अंगणात आणली, माडाच्या आळ्याजवळ. या वेळी पाणी विहिरीचं होतं. सुमेधा कळशी ओतत होती, तो टाकी हलवून बुडबुडे काढत होता. पंपावर पाय त्याने ठेवला.  पन्नास झाले. ऐंशी. शंभराला तो थांबला, कपाळ पुसलं. काटा जागेवर होता. त्याच्या डोळ्यांत एक आशा आली. सुमेधाला ती दिसली, आणि देवा, तिच्याही मनात आली. आपण खोट्या ठरलो तर किती बरं होईल, असं तिला त्या क्षणी अगदी आतून वाटलं.

त्याने पुन्हा पाय दाबला. एकशे पाच. एकशे दहाला टाकी मध्येच कण्हल्यासारखी वाजली, पोटाखालच्या सांध्यातून पाण्याची पातळ, रुंद चादर सप्पकन बाहेर आली आणि काटा शून्यावर पडला. आवाज काही मोठा झाला नाही. माडाच्या मुळाशी बसलेली कोंबडी तेवढी उडाली.

चिंतामणीने टाकी उलटी केली. सांध्याला लागून बोटभर लांब फट पडली होती. त्याने पेचकसाचं टोक शेजारी टेकवून जरासं दाबलं. ते आत गेलं. आणखी थोडं पुढे टेकवलं. तिथेही गेलं. सगळा तळ तसाच होता. वरून रंग, आत कोंडा.

"रोज शंभरावर चालवत होतो मी," तो म्हणाला. "काटा बोटीवरचा. दहा इकडे की तिकडे, त्यालाही कुठे कळतंय."

 सुमेधा आळ्याच्या कडेवर बसली. सगळं टळलं होतं, पण तिला हायसं वाटत नव्हतं. सकाळभर पाठीला लागलेली ती कोमट थरथर अजून तशीच जाणवत होती. तिने हात जोडले, आणि जोडलेल्या हातांचं पुढे काय करायचं ते तिला कळेना.

"मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "मासळीचं पाणी."

"पाणी मी भरलं," चिंतामणी म्हणाला. "आणि भरून ठेवलं. हुशारी माझीच होती." त्याने पेचकस खाली टाकला. रागावलेला नव्हता. त्याच्या आवाजात दुसरंच काही होतं, आणि राग परवडला असता असं तिला वाटलं. "आता सांगा लोकांना, पाट घेऊन जा म्हणून. दुसऱ्या शाळेत अजून घेतील, घाई केली तर."

तेवढ्यात वाटेवरून यमुनाबाईंची छत्री आली. आत न डोकावताच त्यांनी हाक घातली, "काय रे, आज टिटवी गप्प? आमचा झाला का गुलाबी?" आणि मग अंगणातली उलटी टाकी, चिखल आणि बसलेली दोघं बघून त्या थांबल्या.

चिंतामणीने तोंड उघडलं. सुमेधाला कळलं, तो आता सांगणार. एकदा यमुनाबाईंना सांगितलं की दुपारपर्यंत सगळ्या वाडीला कळेल आणि संध्याकाळी पाट न्यायला माणसं येतील. मग ही शाळा पुन्हा भरणार नाही.

"यंत्र बिघडलंय, काकी," सुमेधा म्हणाली. तिनेच त्याच्या आधी बोलावं हे इतकं नवीन होतं की दोघंही तिच्याकडे वळले. "यंदा ब्रशने करणार आहोत. गुलाबी छाया नसेल. उशीर होईल. कदाचित आदल्या दिवसापर्यंत. चालणार नसेल तर पाट आजच न्या, आम्हाला वाईट वाटणार नाही."

यमुनाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग चिंतामणीच्या खांद्याकडे. "ब्रशने कोण करणार?"

"हे करतील. पाट चौरंगावरून खाली जमिनीवर घेतले तर हात वर न्यायला नको. मूर्ती मी फिरवीन, कलती धरीन. मुकुट त्यांच्या हाताखाली येईल असं."

"शाडूची मूर्ती कलती धरशील? हातातून गेली म्हणजे?"

"जाऊ शकते," सुमेधा म्हणाली.

 यमुनाबाईंच्या छत्रीवरून पाणी गळत होतं. "बघते," इतकंच म्हणून त्या वळल्या. पाट नेते म्हणाल्या नाहीत, ठेवते असंही म्हणाल्या नाहीत.

त्या वाटेच्या वळणाआड गेल्यावर चिंतामणी म्हणाला, "मला विचारलंस का?"

"नाही."

"नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं, असं तुम्ही सांगा त्यांना. मी जमत नाही म्हणणार नाही."

तो उठून आत गेला. सुमेधा मागोमाग गेली. त्याने मडक्यातले जुने ब्रश काढले. वर्षभर न वापरल्याने ताठ झालेले, ते पाण्यात सोडले. मग दोघांनी मिळून यमुनाबाईंचा गणपती चौरंगावरून खाली घेतला. त्याच्या गालावरचा तो ओघळ वाळला होता. चिंतामणीने तो पाण्याच्या फडक्याने पुसला, पुन्हा पुसला, तरी फिकट गुलाबी डाग राहिलाच.

"धर," तो म्हणाला. "थोडी माझ्याकडे कलती. आणखी. बस."

सुमेधाने पाटाखाली हात घातले आणि कड उचलली. शाडूचं वजन मनगटांवर आलं. चिंतामणीचा ब्रश मुकुटाच्या कडेला टेकला, थांबला. त्याने श्वास घेतला आणि पुन्हा टेकवला. पहिली रेघ वाकडी आली. तो पुसायला गेला नाही. तिच्या शेजारी दुसरी ओढू लागला.

शाळेत अजून किती मूर्ती पांढऱ्या आहेत, हे ती मोजायला गेली नाही. तिचे हात दुखायला लागले होते. कड सोडायची नव्हती, एवढंच तिला माहीत होतं.